सिस्टर, एक विचारू? : लाल टोपणाची सिरिंज आणि कोरं रजिस्टर

(वॉर्ड, ड्यूटी आणि पदाच्या अडचणींवरच्या वाचकांच्या प्रश्नांना एका निवृत्त अधिसेविकेची उत्तरं)

प्रश्न : आमचं शंभर खाटांचं ट्रस्टचं हॉस्पिटल. मी फिमेल मेडिकल वॉर्डची इन्चार्ज. नाइटला २८ पेशंटना एकट्या असलेल्या नवीन मुलीने एका आजींना जेवणाआधीचं १६ युनिट इन्सुलिन दिलं. वायल (इन्सुलिनची बाटली) नातेवाइकांनी बाहेरून आणलेली, १०० ची, म्हणजे एका मिलीत १०० युनिटची. ट्रेमधल्या सिरिंज ४० च्या, म्हणजे मिलीत ४० युनिटच्या इन्सुलिनसाठीच्या. साडेदहाला आजींना दरदरून घाम, शुगर ४६. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज दिलं, आजी सावरल्या आणि काही दिवसांनी घरी गेल्या. नातेवाइकांना 'शुगर कमी झाली होती' इतकंच सांगितलंय. मुलीने सकाळी ओव्हर देताना (पुढच्या ड्यूटीला पेशंट सोपवताना) स्वतःहून सगळं सांगितलं. ऑफिस म्हणतं, एनएबीएचचं (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाचं) इन्स्पेक्शन तोंडावर आहे, इन्सिडेंट रिपोर्ट लिहू नका, लिहिलात तर मुलीला काढावं लागेल. मी काय करू?
– एक इन्चार्ज सिस्टर, सांगली जिल्हा

उत्तर : रिपोर्टचं नंतर बघू. आधी आजींच्या घरी फोन लावा आणि विचारा, घरात सिरिंज कोणत्या टोपणाची आहे. लाल टोपण म्हणजे ४० ची, केशरी म्हणजे १०० ची. वायल तीच असेल आणि गावातल्या मेडिकलमधून लाल टोपणाची सिरिंज आणली असेल, तर तुमच्या वॉर्डात झालं तेच त्यांच्या घरी होईल, आणि तिथे हाताशी डेक्स्ट्रोज नसेल. त्यांना हीच गोष्ट सांगायची राहून गेली.

फोनवर सिरिंजचं बघा. बाकीचं समोर बसवून सांगायचं, आणि ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, तुम्ही शेजारी असताना. काय झालं, आपण काय केलं, पुढे काय काळजी घ्यायची. त्या मुलीला एकटीला पुढे करू नका. घरचे चिडतील, चिडू द्या.

आता चूक कोणाची ते बघू. १०० च्या वायलमधून ४० च्या सिरिंजमध्ये १६ च्या रेघेपर्यंत ओढलं, की अंगात ४० युनिट जातात. अडीच पट. वायलवरचा आकडा सिरिंजशी जुळवायचा राहिला ही मुलीची चूक, आणि ती तिने कबूल केलीय. पण ट्रेमध्ये केशरी टोपणाची एक तरी सिरिंज होती का? इन्सुलिन दुसऱ्या सिस्टरला दाखवून द्यायचं, असा कागद तुमच्याही वॉर्डात भिंतीवर असेल. तिने दाखवायचं कोणाला, मावशींना? त्या रात्रीच्या ड्यूटी लिस्टवर सही तुमची आहे आणि सिरिंजचं इंडेंटही (मागणीपत्रही) तुमच्याच टेबलावरून जातं. रिपोर्टमध्ये हे सगळं आलं पाहिजे : वायल कितीची, सिरिंज कितीची, ट्रेमध्ये काय होतं, ड्यूटीवर किती जणी होत्या. नुसतं 'स्टाफ नर्सच्या निष्काळजीपणामुळे' असं लिहिलंत, तर तिला काढायला ऑफिसला तुमचाच कागद पुरेल.

चार्टमध्ये खाडाखोड नको, व्हाइटनर तर नकोच. उशिरा केलेली नोंद म्हणून आजची तारीख-वेळ टाकून खरं काय ते लिहा आणि सही करा. चार्टवर आज १६ युनिट आहेत आणि ग्लुकोमीटरच्या मेमरीत साडेदहाला ४६. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे पेशंटने कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात. उद्या ही कागदपत्रं ग्राहक आयोगापुढे गेली, तर झालेल्या चुकीपेक्षा ती लपवलेली जास्त महागात पडेल, हे ऑफिसला त्यांच्याच भाषेत समजावता येईल.

आणि एनएबीएचची माणसं कोरं रजिस्टर बघून खूश होतात, असं तुमच्या ऑफिसला कोणी सांगितलं? औषधांच्या चुका नोंदवायच्या आणि त्यावर काय केलं ते दाखवायचं, हे त्यांच्या मानकांतच आहे. शंभर खाटा आणि वर्षभरात चूक शून्य, असं दिसलं की अनुभवी असेसर दुसरी रजिस्टरं मागवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणाऱ्या अपायाविरुद्ध जगभर मोहीम काढली, ती अशा चुका सगळीकडे होतात म्हणूनच.

तरीही ते तिला काढतील, हे शक्य आहे. मी खोटा धीर देणार नाही. म्हणून रिपोर्टबरोबर मेट्रन मॅडमना वेगळं पत्र द्या : तिने स्वतःहून सांगितलं, ट्रेमध्ये योग्य सिरिंज नव्हती, ती एकटी होती, तिला ट्रेनिंग द्यावं, काढू नये. आवक नंबर घ्या, प्रत जवळ ठेवा. 'लिहू नका' म्हणणाऱ्यांना तेवढंच लेखी द्यायला सांगा. (ते कधीच देत नाहीत, असा माझा अनुभव आहे.) तिला काढलंत तर पुढची मुलगी ओव्हर देताना गप्प बसेल आणि पेशंटला घाम का फुटला ते तुम्हाला कधी कळणारच नाही, हेही पत्रात घाला.

प्रश्न : आमच्याकडे परमनंट सिस्टर नाइट टाळतात, सगळ्या नाइट कंत्राटी मुलींवर पडतात. त्या तक्रारही करत नाहीत. मग मी वाईटपणा का घ्यावा?

उत्तर : त्या बोलत नाहीत, कारण त्यांचं रिन्यूअल तुमच्या शेऱ्यावर आहे. नाइट सगळ्यांना फिरत्या लावा, यादी महिनाभर आधी बोर्डवर लावा. आजारपण, बाळंतपण यांची सवलत द्या, पण अर्ज घेऊन. कानात सांगितलेली कारणं चालवून घेऊ नका. वाईटपणा येईलच, तो इन्चार्जच्या खुर्चीबरोबरच मिळतो.

प्रश्न : डिस्चार्जच्या वेळी पेशंटच्या मुलाने स्टाफरूममध्ये सगळ्यांना साड्या पाठवल्या. परत केल्या तर त्यांचा अपमान होईल का?

उत्तर : पेढे असते तर मावशींपासून वॉर्डबॉयपर्यंत वाटून खा म्हटलं असतं. साड्या परत करा, तुम्ही स्वतः जाऊन, हसत. फारच आग्रह झाला तर म्हणावं, ड्यूटीवरच्या सगळ्यांची नावं घालून ऑफिसला कौतुकाचं पत्र द्या. अप्रेझलला तेच जोडता येतं.