एचआयव्हीची लस येईपर्यंत मावसभावाने लग्न थांबवावं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: ४० वर्षं झाली तरी एचआयव्हीची लस का नाही, आणि ती येईपर्यंत पॉझिटिव्ह मावसभावाने लग्न थांबवावं का. पहिलं थोडक्यात सांगते, कारण दुसरं माझ्या घरात घडलंय.

हा विषाणू सतत रूप बदलतो आणि पेशीच्या डीएनएतच घुसून बसतो. शरीर त्याला स्वतःहून हाकलू शकत नाही, मग लसीने शरीराला शिकवायचं काय, इथेच घोडं अडलंय. २००९ साली थायलंडच्या चाचणीत जेमतेम ३१ टक्के संरक्षण दिसलं. दक्षिण आफ्रिकेतली मोठी चाचणी २०२० मध्ये थांबवावी लागली, आणखी एक २०२३ मध्ये. कंपन्या लस दडवून ठेवतात हे साफ खोटं आहे.

माझ्या दादाला तो पॉझिटिव्ह असल्याचं २००५ मध्ये कळलं. आम्ही लालबागच्या चाळीत. आदल्याच वर्षी, १ एप्रिल २००४ पासून, सरकारने एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारे औषधोपचार, मोफत सुरू केली होती. जे. जे.च्या रांगेत दर महिन्याला मी त्याच्यासोबत असायचे. तेव्हाच्या गोळ्यांनी त्याचे गाल बसले, पायांना सतत मुंग्या. काकांनी त्याचा पेला वेगळा केला. "लस निघेल तेव्हा बघू, तोवर कुणाच्या पोरीचं वाटोळं करू नका." आठ वर्षं हेच ऐकलं आम्ही.

२०११ मध्ये एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. एक जण बाधित, दुसरा नाही, अशी जोडपी होती, पुण्या-चेन्नईचीही. लवकर औषध सुरू केल्यावर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. मी कात्रण काकांपुढे ठेवलं. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. २०१३ मध्ये दादाचं लग्न झालं, काका आले नाहीत. वहिनी आजही निगेटिव्ह आहे, भाची चौथीत आहे, तीही निगेटिव्ह. काका चुकले होते.

अर्थात गोळी रोज हवी आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला आहे हे तपासून घ्यायला हवं. जोडीदारासाठी आता लेनाकापाविरही आहे: २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या चाचणीत हे सहामाही इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही. ती लस नव्हे. घेणं थांबवलं की संरक्षण संपतं.

ज्या मुलीशी लग्न ठरवाल तिच्यापासून मात्र काही लपवू नका. दादाने पहिल्याच भेटीत फाईल वहिनीसमोर ठेवली होती. ती घरी घेऊन गेली, आणि चार दिवसांनी तिनेच फोन केला.