पानिपत मराठ्यांनी जिंकलं असं धरून स्ट्रॅटेजी गेम करायचा असेल, तर त्यातली राज्यं कशी रचावीत?

तुम्ही लिहिलंय की तुमचा गेम १७६१ मध्ये सुरू होतो, भाऊसाहेबांनी पानिपत जिंकलंय, अटकेपासून खाली दक्षिणेपर्यंत नकाशा एकाच भगव्या रंगात आहे, आणि प्रत्येक राज्याला कोणते खास गुण द्यावेत तिथे गाडी अडलीये. मी सुरुवात त्या भगव्या रंगापासून करतो. तो एकसलग रंग आधी काढा. गुणांचं मग आपोआप जमेल.

मी आणि माझे चार मित्र याच काळावर एक कागदी खेळ खेळतो. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर हाताने काढलेला नकाशा, चिंचोके म्हणजे घोडदळ, कवड्या म्हणजे तोफा. सुरुवातीला सगळे मराठे एकाच भिडूकडे होते. तो दर डावाला जिंकायचा आणि खेळात काही राम उरायचा नाही. मग आम्ही पेशवे, शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले अशी वाटणी केली, निजाम मी घेतला. त्या डावात तिसऱ्याच चालीला मी पुण्यावर चालून गेलो. पेशव्यांनी नागपूरकरांकडे घोडी मागितली. नागपूरवाल्या मित्राने आपले चिंचोके मोजले, त्यांवर मूठ ठेवली आणि विचारलं, "मी आलो तर मला काय मिळणार?" आमच्या नियमांत याला उत्तरच नव्हतं. तो सरळ माझ्या बाजूला आला.

बाकीचे चिडले. पण १७६३ मध्ये अगदी हेच घडलं होतं. नागपूरकर जानोजी भोसले निजामाबरोबर होते, त्या स्वारीत पुणं लुटलं गेलं, जाळलं गेलं. मग ३२ लाखांचा मुलूख देऊ केल्यावर जानोजी फुटले आणि १० ऑगस्टला राक्षसभुवनावर निजामाचा पराभव झाला. आमच्या मित्राला हे काहीच माहीत नव्हतं. त्याच्या जागेवर बसल्यावर जे सुचतं तेच त्याने केलं. राज्य नीट रचलंय की नाही याची माझी कसोटी तेव्हापासून हीच आहे: इतिहास न वाचलेला माणूस त्या खुर्चीत बसला, तरी त्याला त्या काळातल्या माणसासारखंच वागावंसं वाटलं पाहिजे.

असं वागणं गुणांच्या यादीतून येत नाही. 'मराठे: घोडदळ अधिक २०' याने काहीच होत नाही. प्रत्येक राज्याला एकच प्रश्न विचारा: शिपायाचा पगार कोण देतो, आणि तो पैसा आधी कुणाच्या हातात पडतो? मराठ्यांच्या बाबतीत उत्तर आहे सरंजाम. सरदाराला मुलूख तोडून दिलेला, त्याच्या वसुलातून त्याने फौज बाळगायची. पैसा आधी सरदाराकडे, त्यामुळे फौजही आधी सरदाराची. पेशव्यांची स्वतःची म्हणावी अशी फौज म्हणजे हुजुरात. हिशेबावर नजर ठेवायला सरकारातून फडणीस, मजुमदार असे दरकदार सरदाराकडे नेमलेले असत. तुमच्या गेममध्ये हे दरकदार नक्की आणा. नेमले तर वसुलाचा खरा आकडा दिसेल, पण सरदाराची मर्जी उतरेल. नाही नेमले तर सरदार सांगेल तो आकडा खरा मानायचा. आमच्या खेळात सगळ्यात जास्त वाद या एका नियमावरून झाले, आणि मला तो सगळ्यात प्रिय आहे.

नकाशासाठी दोन छटा करा. १७१९ च्या सनदांनी मराठ्यांना तीन गोष्टी मिळाल्या: स्वराज्य, दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी. म्हणजे एका मुलखाचे मालक तुम्ही, आणि दुसऱ्या मुलखाचा मालक निजाम पण चौथा हिस्सा तुमचा, वर सरदेशमुखीचा दहावा. स्वराज्य गडद रंगात भरा, चौथाईचा मुलूख तिरप्या रेघांनी. एकाच गावावर दोन वसूलदार आले की भांडण वेगळं लिहावं लागत नाही.

कंपनीलाही 'इंग्रज' असा एक भिडू करू नका. मुंबई, मद्रास, कलकत्ता, तिघांची तोंडं तीन दिशांना. मुंबईकरांनी १७७५ मध्ये सुरतेला राघोबादादांशी तह केला, तो कलकत्त्याने नामंजूर केला आणि पुढच्याच वर्षी पुरंदरचा वेगळा तह झाला. कंपनीचं खरं बळ शिपायाला वेळच्या वेळी मिळणाऱ्या पगारात होतं. आपल्याकडे पगार थकला की फौज सरदाराच्या दारात धरणं धरून बसायची. ती चाल आमच्याकडे आहे: धरणं बसलं की त्या हंगामात तो सरदार हलू शकत नाही, मग समोर शत्रू असो नाहीतर नसो.

हंगामावरून आठवलं, चाली महिन्यांनी मोजू नका. दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाळ्यात छावणी. अब्दालीला उलट उन्हाळ्याची आणि पगाराची धास्ती. खऱ्या इतिहासात जिंकूनही त्याचे लोक थकलेल्या पगारासाठी आणि घरच्या ओढीने अडून बसले आणि मार्चमध्ये तो परत फिरला.

एक चूक मात्र बहुतेक सगळे करतात: १७६१ च्या मराठ्यांना कान्होजी आंग्र्यांच्या काळासारखं आरमार देतात. तुळाजी आंग्र्यांचा काफिला फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाला जळाला, इंग्रजांच्या हातून, आणि इंग्रजांना त्या कामावर घेऊन आले होते खुद्द पेशवे. पुढे धुळपांच्या हाताखाली पेशव्यांचं आरमार राहिलं, पण ती धाक बसवणारी ताकद गेली ती गेलीच. तुम्हाला समुद्रावरचे मराठे हवे असतील तर इतिहासाला फाटा १७५५ लाच फोडा. मला तो फाटा पानिपतापेक्षाही मोलाचा वाटतो, आणि त्यावर अजून कुणी मन लावून गेम करावा अशी फार इच्छा आहे.

आता पानिपत जिंकल्यावर काय? माझ्या मते मराठ्यांचं राज्य सांभाळणं त्यामुळे अवघड होतं. भाऊसाहेब आणि विश्वासराव जिवंत, म्हणजे पुण्यात राघोबादादा आणि त्यांच्यात ओढाताण. दत्ताजी बुराडी घाटावर वर्षभर आधीच पडलेले, पण जनकोजी वाचतात, म्हणजे महादजींना शिंद्यांची गादी त्या वाटेने मिळत नाही. उत्तरेत ज्याने घाम गाळला तो प्रत्येक जण मुलूख मागणार. सुरजमल जाट जवळच शाबूत आहे आणि अब्दाली हटला की पंजाबात शिखांच्या मिसली, म्हणजे आपापल्या सरदाराखालचे लढाऊ जथे, उभ्या राहणारच. तेव्हा विजयाचं बक्षीस म्हणून जमीन द्या, पण प्रत्येक सरदाराच्या मागणीचा आकडा तिच्यापेक्षा मोठा ठेवा.

आणि पहिल्या चालीला पेशव्यांचा खजिना शून्यावर नको, शून्याच्या खाली असू द्या, सावकारांच्या नावानिशी. माधवरावांना गादीबरोबर कर्जच मिळालं होतं. अकरा वर्षांनी थेऊरला क्षयाने अंथरुणाला खिळलेले असताना, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांच्या शेवटच्या इच्छांमध्येही ते कर्ज फेडण्याची गोष्ट होती. आमच्या खेळात पेशवा झालेला भिडू पहिल्यांदा नकाशाकडे बघत नाही. तो सावकारांचा कागद उलटा करून व्याज किती लागलंय ते बघतो.