पत्राच्या शेवटच्या ओळीतला डाग

प्रश्न : माझं वय 46. गळ्याभोवती दहा-बारा बारीक चामखिळी आल्यात. मंगळसूत्रात अडकतात, ओढल्या गेल्या की रक्त येतं. सासूबाई म्हणतात, घोड्याचा केस बांध, गळून पडतील. गावातली पार्लरवाली नगाला 100 रुपये घेऊन जाळून देते. जळगावला स्किनच्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी नुसतं पाहायचे 500 रुपये घेतले. काढलं काहीच नाही, वर शुगर तपासून या म्हणाले. हे पैसे उकळणं नाही का? आणि हो, यांच्या तळपायालाही वर्षभरापासून काळा डाग आहे. दुखत नाही. काटा मोडला असेल म्हणतात.
– एक वाचक, यावल तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्राच्या शेवटापासून सुरुवात करते. दवाखान्यातही असंच होतं. खरी गोष्ट पेशंट उठून चपला घालताना सांगतो.

तळपायावरचे बहुतेक काळे डाग साधे असतात. साकळलेलं रक्त, मोडलेला काटा, कुरूप, जुना तीळ. साकळलेलं रक्त असेल तर वरची जाड कातडी ब्लेडने हलकी तासली की निघूनही जातं (हे डॉक्टरांनी करायचं, घरी नाही). पण मेलानोमा नावाचा तिळाचा कर्करोग आपल्या सावळ्या कातडीत मुळात कमी होतो आणि झालाच तर बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. सुरुवातीला तो दुखत नाही. म्हणून ‘दुखत नाही’ या शब्दांनी मला धीर येत नाही.

आम्ही तो डाग डर्मोस्कोपखाली पाहतो. दिवा बसवलेलं, साधारण दहापट मोठं दाखवणारं भिंग म्हणा. त्यातून तळपाय थेट तुमच्या शेतासारखा दिसतो, सरी-वरंबा, सरी-वरंबा. वरंब्यांवर घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके ओळीने असतात, म्हणजे कुठली सरी आणि कुठला वरंबा ते कळतं. रंगाच्या रेघा सरीतून गेलेल्या असतील तर बहुधा साधा तीळ. रंग वरंब्यावर चढलेला दिसला की मी तुकडा घेऊन तपासायला पाठवते. आज पाय स्वच्छ धुवून उजेडात डागाचा फोटो काढा, शेजारी मुलांची पट्टी ठेवा. 6 मिलिमीटरपेक्षा मोठा, कडा वेड्यावाकड्या, दोन-तीन रंगांचा किंवा वर्षभरात वाढलेला, यातलं एक जरी असेल तरी याच आठवड्यात दाखवा. यातलं काहीच नसलं तरी दाखवा, फक्त धावपळ नको. खर्चाची अडचण असेल तर जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही त्वचारोगाची ओपीडी असते.

आता त्या 500 रुपयांचं. ते पाहण्याचेच आहेत, आणि पाहणं स्वस्तात टाळलं की काय होतं ते मी स्वतःच्या चुकीतून शिकले. भुसावळला दवाखाना टाकला त्या पहिल्या वर्षी एक आजोबा आले. नाकाशेजारी काळपट मस, कड जराशी चमकदार. ‘डॉक्टरबाई, हाई काढी टाका, नातनं लगीन शे.’ वयाचा मस समजून मी तो कॉटरीने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या सुईने, जाळून टाकला. आठ महिन्यांनी आजोबा परत आले, त्याच जागी, मधोमध जखम घेऊन. तेव्हा तुकडा बायोप्सीला, म्हणजे तपासायला, पाठवला. रिपोर्ट आला, बेसल सेल कार्सिनोमा. हा कर्करोग सहसा अंगात दूर पसरत नाही, पण आहे तिथे पोखरत जातो. छोट्या टाक्यांत भागलं असतं तिथे गालाची कातडी सरकवून नाक झाकावं लागलं. जाळलेल्या मसाचा धूर होतो, धुराची बायोप्सी करता येत नाही. तेव्हापासून जरा जरी शंका आली तरी कापलेला तुकडा तपासणीसाठी फॉर्मलिनच्या (तुकडा टिकवणाऱ्या औषधाच्या) बाटलीत जातो.

तुमच्या मानेवरचं मात्र, वर्णनावरून, साधं दिसतं. मऊ, बारीक देठाच्या चामखिळी चाळिशीनंतर मानेला, काखेत, जिथे कातडी घासते तिथे येतात. वजन वाढलेलं असेल किंवा शुगर वाढत असेल तर जास्त येतात. मानेची घडी काळी, मखमलीसारखी जाड झाली असेल तर शुगरची तपासणी हवीच. तुमच्या डॉक्टरांनी पैसे उकळले नाहीत, चामखिळीतून शुगर ओळखायचा प्रयत्न केला.

काढणं किरकोळ आहे. बधिर करणारं मलम लावून तासभर बसायचं, मग एकेक कॉटरीने किंवा कात्रीने. खपली आठ-दहा दिवसांत पडते, नखाने काढू नका, डाग राहतो. मे महिन्यात मात्र नको. आपल्याकडच्या 45 अंशांत मानेवरच्या घामाने खपली भिजते. दिवाळीनंतर करा. पेसमेकर असेल, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल किंवा जखमेचा वण फुगत असेल तर आधी सांगा. दिसण्यासाठी काढलं तर मेडिक्लेम सहसा पैसे देत नाही. घोड्याच्या केसाने चामखीळ काळी पडून गळते कधीकधी, पण पू झालेली मान घेऊन आलेल्या बायकाही मी पाहिल्यात. पार्लरवालीला एवढंच विचारा, आधीच्या बाईला टोचलेली सुई बदलली का.

शुगरचा रिपोर्ट घेऊन जाल त्या दिवशी यांनाही सोबत न्या. केळीला पाणी भरायचंय म्हणतील. न्याच. आणि आत गेल्यावर तुमच्या मानेआधी त्यांच्या चपला काढायला लावा.