'अर्बन फँटसी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: 'नुकतीच एक विनोदी अर्बन फँटसी कादंबरी वाचली, बेहद्द आवडली. मैत्रिणीला कळवताना "नागरी कल्पनारम्य कादंबरी" असं लिहिलं, पण ते कानाला खटकतंय. दुसरा शब्द आहे का?'

अर्बन फँटसी म्हणजे शहरातल्या रोजच्या जगण्यात जादू, भुतं, चेटकिणी मिसळलेली गोष्ट. तिला असं नाव दिलं तर खटकायलाच हवं. 'नागरी' म्हटलं की पाठोपाठ सुविधा, सेवा, हक्क हे शब्द येतात आणि सरकारी परिपत्रक वाचतोय असं वाटतं. तिथे सरळ 'शहरी' म्हणा.

खरी अडचण 'रम्य'ची आहे. समजा, लिफ्ट बंद पडली आहे आणि एक चेटकीण धापा टाकत सात मजले चढते आहे. तिला उडता येतं, पण शेजारी बघतील म्हणून ती उडत नाही. यात रम्य काय आहे? हसू येतं ते तिच्या भिडस्तपणाचं. जादू नुसती पाठीशी उभी असते, कादंबरी चालते ती अशा स्वभावांच्या जिवावर.

मला इथे 'अद्भुत' हा शब्द हवासा वाटतो. नाट्यशास्त्रात अद्भुतरसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, विस्मय सांगितला आहे. या कादंबऱ्यांची गंमत अशी की विस्मय वाचकाच्या वाट्याला येतो, पात्रांना त्याचं काहीच वाटत नाही. भूत भाडं थकलं म्हणून घरमालकाला चुकवत फिरतं आणि तो मालकही 'भूत असलास म्हणून काय झालं' म्हणत तगादा लावतो.

पण नुसतं 'अद्भुत कादंबरी' लिहिलंत तर मैत्रिणीला ती स्तुतीच वाटेल. 'अद्भुतरम्य' हा समीक्षेतला रुळलेला शब्द आहे. 'मुक्तामाला' (1861) सारख्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांना तो लावतात. त्यातही 'रम्य' आलंच.

म्हणून मी 'शहरी अद्भुतकथा' म्हणेन. परीकथा, भयकथा, गूढकथा यांच्या रांगेत तो शब्द सहज बसतो. 'कथा म्हणजे तर छोटी गोष्ट' असा आक्षेप कुणी घेईल. पण संस्कृतात कथेला लांबीचं बंधन नव्हतं. बाणभट्टाची 'कादंबरी' एवढी मोठी, तरी तिची गणना 'कथा' या प्रकारातच होते. त्याचंच 'हर्षचरित' मात्र आख्यायिका, म्हणजे संस्कृतात खऱ्या घटनांवर बेतलेला प्रकार. आपण नॉव्हेलला कादंबरी म्हणतो ते याच ग्रंथावरून, आणि त्याची सुरुवात होते ती शूद्रक राजाच्या दरबारात, उजवा पाय उचलून राजाचा जयजयकार करणाऱ्या एका पोपटापासून! तेव्हा अद्भुत आपल्या 'कादंबरी' या शब्दातच मुरलेलं आहे.

मैत्रिणीला असं लिहा: 'विनोदी शहरी अद्भुतकथा आहे, एकेक पात्र असलं भन्नाट की पुस्तक खाली ठेववत नाही.'