हार्ड डिस्क खरंच संपली का?

प्रश्न : मुलगा जळगावला ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक क्लासवाले म्हणतात, हार्ड डिस्क संपली, अमुक कंपनीच्या एसएसडी स्टोरेजचा कोर्स करा. फी साठ हजार. कापूस विकून भरावी का? – एक पालक, चोपडा

उत्तर : दादा, कापसाचे पैसे तूर्त घरातच राहू द्या.

लॅपटॉपमधून फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क गेली, चिपवर डेटा ठेवणारी एसएसडी आली, हे खरं. पण डेटा सेंटरमध्ये ढीगभर डेटा आजही तिच्यावरच असतो, कारण टेराबाइटमागे ती स्वस्त पडते. डेटा साठवायची चुंबकीय टेप तर तिच्याहून जुनी, तीही संपली नाही. २००० साली एलटीओ या प्रकारची टेप १०० जीबीची होती, नवव्या पिढीत ती १८ टीबीवर गेली.

आता गाजावाजा झालेल्यांचं बघा. इंटेल आणि मायक्रॉनने २०१५ मध्ये थ्रीडी एक्सपॉइंट मेमरी जाहीर केली, तेव्हा फ्लॅशच्या, म्हणजे एसएसडीतल्या नेहमीच्या चिपच्या, हजारपट वेगाची भाषा होती. माल चांगला होता, पण महाग. शिवाय रॅमच्या जागी लावायची तर प्रोसेसरही इंटेलचाच हवा. २०२१ मध्ये मायक्रॉन बाहेर पडली, २०२२ मध्ये इंटेलनेही गाशा गुंडाळला. फ्लॅशची एसएसडी मात्र हार्ड डिस्कच्याच आकारात, त्याच साटा केबलवर आली. दुकानदाराला चार स्क्रू काढून बदलता आली. बनवणारे अनेक, म्हणून भाव उतरला. गिऱ्हाईक वेग मागाहून विचारतं. आधी भाव, आणि आपल्या जुन्या मशीनला बसते का.

म्हणून एकाच कंपनीच्या मालावर मुलाचे सहा महिने घालवू नका. लिनक्स, सी, नेटवर्किंग पक्कं होऊ द्या. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून जुना पीसी आणि तीन वापरलेल्या डिस्क मिळवा. दोन डिस्कवर लिनक्समध्ये रेड-वन (एकाच डेटाची दोन्हीवर नक्कल) करायचं, फायली टाकायच्या, मशीन बंद करून एकीची केबल काढायची. डेटा उघडतो का ते बघायचं, मग तिसरी लावून जोडी पुन्हा उभी करायची. प्रत्येक कमांड वहीत हवी. शेवटी एक फाईल मुद्दाम डिलीट करू दे. ती दोन्हीकडून जाईल, आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे हे कायमचं डोक्यात बसेल. मुलाखतीत हे स्वतः केलेलं सांगणारा पोरगा लगेच उठून दिसतो.

चिपची आवड असेल तर व्हीएलएसआय, म्हणजे चिप डिझाइनचा, विषय घेऊ द्या. मायक्रॉनने २०२३ मध्ये मेमरी चिपच्या जुळणी-चाचणीचा प्रकल्प जाहीर केला तो साणंदला, म्हणजे आपल्या शेजारच्या गुजरातेत.

क्लासवाल्यांना एकच विचारा : यातलं किती दुसऱ्या कंपनीच्या मालावर चालेल? लेखी उत्तर दिलं, तर मला पाठवा.