कूलरमधली निलगिरी आणि आमची मनी

ताई, धुळ्याच्या उन्हाळ्यात कूलरच्या पाण्यात खसचं अत्तर टाकता, दिवेलागणीला उदबत्ती लावता आणि आता मांजराचं पिल्लू आणलंय, तर यातलं काय बंद करावं, असा तुमचा प्रश्न. बाकीचे सगळे उदबत्तीमागे लागलेत. मी आधी कूलर म्हणेन.

आम्ही भुसावळचे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे. मागे एकदा घरात सर्दी होती म्हणून कूलरच्या टाकीत निलगिरीचं तेल ओतलं. कूलर गळका, त्याखाली परात ठेवलेली. आमची मनी स्वतःच्या वाटीतलं पाणी सोडून नेमकं त्या परातीतलं पिते. तासाभरात तोंडातून लाळेच्या तारा, मागचे पाय लटपटायला लागले. आई घाबरून म्हणाली, "काय व्हयनं व माय हिले!" दवाखान्यात सलाईन लावलं, दोन दिवसांनी खायला लागली. तेल मीच ओतलं होतं.

मांजराच्या यकृताला अशा तेलांमधली बरीच द्रव्यं निकामी करून बाहेर टाकता येत नाहीत. त्यासाठी लागणारं एक एन्झाइम त्याच्यात फारच कमी असतं. त्यामुळे निलगिरी, टी ट्री, पुदिना, लवंग, दालचिनी, संत्र्या-लिंबाच्या सालीचं तेल, यातलं काहीही कूलरमध्ये नको आणि डिफ्यूजरमध्येही नको. वाफारा सोडणाऱ्या डिफ्यूजरमधून तेलाचे बारीक थेंब उडतात, ते अंगावर बसतात, आणि मांजर दिवसभर अंग चाटतं. म्हणजे नाकातून तर जातंच, पोटातही जातं. बाटलीतल्या 'खस'मध्ये खरा वाळा किती आणि रसायन किती, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. तेही सोडाच.

फरशीचंही तसंच. काळं फिनाईल मांजराच्या घरात आणूच नका. ओल्या फरशीवरून चालून ती पंजे चाटतात. गोधड्यांच्या पेटीतल्या डांबरगोळ्या आणि देव्हाऱ्यातला कापूर झाकणाच्या डब्यात ठेवा. पिल्लू गोळी खेळायला घेतं आणि गिळतं.

उदबत्ती एखादी, खिडकी उघडी असेल तर चालेल. (कूलरलाही खिडकी उघडी लागते, नाहीतर नुसता दमटपणा. आमच्याकडे निम्मे लोक दारंखिडक्या लावून कूलर चालवतात आणि वर कूलरलाच नावं ठेवतात.) श्रावणात कानबाई (आमच्या खानदेशातली देवी) घरी बसते तेव्हा धूप, गर्दी सगळंच असतं, त्या दिवशी पिल्लाला मागच्या हवेशीर खोलीत ठेवा. पिंजऱ्यात लव्हबर्ड असतील तर मात्र त्या खोलीत धूर अजिबात नको, पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक.

कधी तेल अंगावर सांडलंच तर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब कोमट पाण्यात घालून लगेच धुवा आणि टॉवेलात गुंडाळा, म्हणजे चाटणार नाही. पोटात गेलं असेल तर मीठ-पाणी पाजून ओकायला लावू नका. तेल श्वासनलिकेत शिरतं. बाटली सोबत घ्या आणि डॉक्टरांकडे जा. धाप, थरथर किंवा तोल जाणं दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

वासाची हौस असेल तर माठात वाळ्याची जुडी टाका, उशाशी मोगऱ्याची ओंजळभर फुलं ठेवा. आमच्याकडे आता एवढंच असतं. परात मात्र मनी अजून सोडत नाही, म्हणून टाकीत साधं पाणी.