देव मानून ठेवला तर तोटा काय?

देव असला तर फायदा, नसला तर काही गेलं नाही, मग मानून ठेवायला हरकत काय, असं तुम्ही विचारलंय. हेच मी रामकुंडावर वडिलांच्या दहाव्याला ऐकलंय, म्हणून लिहितोय.

बाबा देव मानत नव्हते. नोटप्रेसमधून रिटायर झाले, पण कुठल्या देवळात हात जोडलेले मी पाहिले नाहीत. आई दर पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जायची. बाबा तिची पिशवी भरून द्यायचे, परतताना सीबीएस बसस्टँडवर घ्यायला जायचे, बस्स. काका त्यांना कायम म्हणायचे, "नमस्कार करून ठेवावा रे, असलाच तर कामी येईल." बाबांचं ठरलेलं उत्तर, "असलाच, तर माझ्या मनातलं त्याला कळणार नाही होय?"

दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. भिंतीवर दोन बसलेले, मान वाकडी करून बघत होते, पण खाली उतरेनात. मे महिना. भाताचा वरचा थर वाळून कडक झाला. "आईला सांभाळीन," मी म्हणालो. "ताईकडे लक्ष देईन," म्हणालो. ते मनापासून म्हणता आलं. मग काका पुढे झाले, "त्र्यंबकला नारायण नागबळी करतो म्हण. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. म्हणायला काय जातंय?" मी गप्प. आई मागून म्हणाली, "त्यांच्या नावानं खोटा शब्द देऊ नकोस." शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून बारा वर्षं काका सांगताहेत, तुझ्या हट्टापायी माझा भाऊ अडकला.

तर माझं उत्तर, नाही, यात काही अर्थ नाही. हात ठरवून जोडता येतात, मानणं ठरवून होत नाही. आणि "काही गेलं नाही" हे साफ खोटं. भीती एकदा घरात शिरली की प्रत्येक आजारपणात नवी पूजा निघते. काकांच्या घरी हे मी पाहतोय.

फ्रेंच गणिती आणि विचारवंत पास्कलवर मात्र अन्याय नको. असला तर फायदा, नसला तर तोटा नाही, म्हणून देवावर पैज लावावी, ही मांडणी त्याची; १६६२ मध्ये तो वारला आणि १६७० मध्ये ती छापून आली. ठरवून मानता येत नाही हे त्यालाही कळत होतं. आधी आचरण करा, सवयीनं श्रद्धा येईल, असं तो सांगतो. पण त्याची स्वतःची श्रद्धा पैजेतून आली नव्हती. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री त्याला देवाचा जो अनुभव आला, तो त्यानं कागदावर लिहून कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला होता. तो कागद पास्कल गेल्यावर सापडला. शिवाय त्याच्या डोळ्यांसमोर एकच देव होता, ख्रिस्ती. आपल्याकडे पैज लावायची तर कोणाकोणावर लावणार?

आणि काका, तुम्ही हे वाचत असाल तर, मला काय बोलायचं ते बोला, पण भाऊ अडकला हे आईसमोर काढू नका. ती देव मानते. तिला ते खरं वाटतं, आणि त्या रात्री ती जेवत नाही.